प्रदर्शनातला सगळ्यात साधा कागद आधी उचला

समकालीन कलेच्या प्रदर्शनात दाराजवळच्या टेबलावर चार-पाच तऱ्हेचे कागद असतात. जाड कार्डावरची निमंत्रणपत्रिका, चकचकीत आर्ट पेपरचं घडीपत्रक, विकत घ्यायचा कॅटलॉग, असलंच तर पोस्टर, आणि कोपऱ्यात ए-फोरवर काढलेली झेरॉक्स, म्हणजे मांडलेल्या कलाकृतींची यादी. असे कागद नव्याने जमवणाऱ्याचा हात पोस्टरकडे जातो. तो आधी त्या झेरॉक्सकडे जायला हवा.

कॅटलॉग छपाईला जातो तेव्हा बहुतेक वेळा प्रदर्शन लागलेलंच नसतं. काय येईल, कुठे टांगलं जाईल, याचा तो आधी मांडलेला बेत असतो. मग एखादं काम कस्टममध्ये अडकतं, एखादं शिल्प जिन्याच्या वळणावरून वर चढत नाही, एखाद्या व्हिडिओसाठी खोली अंधारी करता येत नाही. यादी मात्र उद्घाटनाच्या दिवशी निघते, कधी कधी पाहुणे यायच्या तासभर आधी. तिच्यावर पेनाने खोडलेला 14 क्रमांक असतो, शेजारी हाताने लिहिलेलं ‘14 अ’ असतं. भिंतीवर प्रत्यक्ष काय होतं याचा लेखी पुरावा पुष्कळदा एवढाच उरतो. कॅटलॉग ग्रंथालयात जातो आणि टिकतो. यादी प्रदर्शन उतरवताना झाडूबरोबर जाते.

छापलेलं आणि घडलेलं यातलं अंतर कोची-मुझिरिस बिएनालेत, म्हणजे केरळात सहसा दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, चांगलं दिसतं. पहिली बिएनाले 12-12-12 या तारखेला सुरू झाली आणि 12 डिसेंबर ही तिची ओळखच झाली. 2022च्या खेपेलाही हाच दिवस जाहीर झाला होता, पण ऐनवेळी मुख्य प्रदर्शन पुढे ढकललं गेलं आणि 23 डिसेंबरला उघडलं. तेव्हा 12 डिसेंबर 2022 छापलेला कागद हाती आला तर तो चुकीचा म्हणून टाकू नका. नोंदीत दोन रकाने करा, ‘छापील तारीख’ आणि ‘प्रत्यक्ष तारीख’. दोन्ही भरलेले असले की तो कागद प्रदर्शन लांबल्याचाच पुरावा होतो.

मुंबईत हे कागद किती कमी जगतात ते जहांगीरला कळतं. 1952 साली सुरू झालेल्या या गॅलरीत प्रदर्शन साधारणपणे मंगळवारी लागतं आणि पुढच्या सोमवारी उतरतं. पत्रिका आणि घडीपत्रक बहुतेक वेळा चित्रकाराने स्वतःच्या खर्चाने छापलेलं असतं. उरलेला गठ्ठा तो घरी नेतो, आणि घर बदललं की तो गठ्ठा रद्दीत जातो. संग्रहालयांचं जरा वेगळं असतं. 1996पासून सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये असलेल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात किंवा भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात प्रदर्शन जास्त दिवस चालतं. तिथे मोठ्या छपाईइतकाच बारीकसारीक कागद महत्त्वाचा असतो. कार्यशाळेचं पत्रक, मुलांसाठीची कोडी, मार्गदर्शित फेरीचं वेळापत्रक हे कागद थोड्या प्रती काढून वाटले जातात आणि कोणी ठेवत नाही. तेच शोधा.

बरोबर काय न्यायचं? ए-फोरपेक्षा थोडा मोठा कडक फोल्डर, आत दोन पुठ्ठे आणि दोन-चार कोरे कागद. पुठ्ठा घरी परत येईपर्यंतच वापरायचा, कारण साधा करडा पुठ्ठा आम्लयुक्त असतो आणि काही वर्षांत शेजारचा कागद पिवळा करतो. प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती घ्या, एक जपायला आणि एक हाताळायला, स्कॅन करायला, कोणाला दाखवायला. दोनच. टेबलावर शेवटच्या पाच उरल्या असतील तर एकच. कडक आवरणात घातलेली, हॉलमध्ये वाचून परत ठेवायची प्रत ही वाटायची नसते. ती उचलू नये. भिंतीवरचा मजकूर आणि लेबलं यांचा फोटो घ्यावा, तोही परवानगी विचारून. शेवटच्या दिवशी दुपारी टेबलामागच्या माणसाला सरळ विचारा: ‘यादीची जास्तीची प्रत आहे का?’ किमतीची यादी असेल तर तीही मागा. खासगी गॅलरीत ती सहसा परत घेतात. त्यामुळे ती मिळणं सगळ्यात अवघड आणि नंतर सगळ्यात उपयोगाचं.

घरी आल्यावर त्याच दिवशी तारीख आणि ठिकाण लिहायचं. पेन्सिलीने, मागच्या बाजूला, खालच्या उजव्या कोपऱ्यात, खाली काच किंवा गुळगुळीत फरशी धरून. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उठतो आणि जेल पेनची शाई दमट दिवसांत समोरच्या कागदावर उतरते. झेरॉक्सच्या कागदावर साधी एचबी चालते. चकचकीत आर्ट पेपरवर ती घसरते. तिथे दाबून ओरखडा काढण्यापेक्षा वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी त्याच घडीत ठेवा. पिवळी चिकटणारी चिठ्ठी मात्र कधीच नको. ती काढली तरी तिचा गोंद कागदावर राहतो आणि त्यावर धूळ बसते.

ही तारीख एवढी महत्त्वाची का, ते जुनी पत्रिका हाती आली की समजतं. निमंत्रणपत्रिकांवर वार असतो, दिनांक असतो, वेळ असते, चहापानही असतं. वर्ष नसतं. छापणाऱ्याला ते लिहावंसं वाटलेलं नसतं, कारण पत्रिका पंधरा दिवसांपुरती होती.

समजा कार्डावर आहे: ‘शनिवार, 12 जानेवारी, सायंकाळी 6 वाजता’. 12 जानेवारीला शनिवार 1985, 1991, 2002, 2008, 2013 आणि 2019 या वर्षी आला. म्हणजे पाच-सहा वर्षांनी, कधी अकरा वर्षांनी, तीच जोडी फिरून येते. आता कार्ड नीट वाचायचं. मुंबईतल्या गॅलरीचा फोन आठ आकडी आणि 2ने सुरू होणारा असेल तर 1985 आणि 1991 गळतात, कारण तेव्हा मुंबईचे फोन आठ आकडी झाले नव्हते. बरोबर आलेल्या किमतीच्या यादीवर ₹ हे चिन्ह असेल तर 2002 आणि 2008 गेले, कारण ते चिन्ह जुलै 2010मध्ये स्वीकारलं गेलं. यादीखाली ‘जीएसटी वेगळा’ असं असेल तर 2013ही गेलं, कारण हा कर 1 जुलै 2017पासून लागू झाला. राहिलं 2019. याच पद्धतीने आणखी धागे सापडतात. पत्त्यात पिनकोड असेल तर कागद 15 ऑगस्ट 1972च्या आधीचा असू शकत नाही. त्याआधी नुसतं ‘मुंबई 1’ असायचं. डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव 1975मध्ये आलं. त्याआधी तेच संग्रहालय व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट होतं. केमोल्ड गॅलरी 1963पासून जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर होती आणि 2007मध्ये प्रेस्कॉट रोडला गेली. म्हणून पत्त्याची ओळ हीसुद्धा तारीखच असते. एक धोका आहे. जुनं लेटरहेड आणि जुनी पाकिटं संपेपर्यंत वापरली जातात. पत्ता किंवा नाव बदलल्यावरही वर्षभर जुनी छपाई चालू राहिलेली दिसते. नवी खूण असेल तर ‘यानंतरचा’ असं ठामपणे म्हणता येतं. जुनी खूण आहे म्हणून ‘याआधीचा’ असं म्हणता येत नाही.

आणि पाकीट टाकू नका! टपाल खात्याच्या शिक्क्यात वर्ष असतं, कार्डावर नसलं तरी. शिक्का पुसट असेल तर पाकीट उजेडात तिरकं धरून मोबाइलने फोटो काढा आणि कॉन्ट्रास्ट वाढवा. दाबाने उठलेले आकडे शाई नसली तरी दिसतात. कार्ड आणि पाकीट कागदाच्या एकाच घडीत ठेवा, पण कार्ड पाकिटात घालून नव्हे. पाकिटाचा गोंद दमट हवेत ओला होतो आणि पाकीट कार्डासकट चिकटतं.

टपालाने आलेल्या कागदाची किंमत कलेच्या जगाने फार आधी ओळखली. ॲम्स्टरडॅमच्या आर्ट अँड प्रोजेक्ट या गॅलरीने 1968 ते 1989 या काळात 156 बुलेटिन काढली. साधा दुमडलेला कागद, टपालाने फुकट पाठवलेला, आणि आतली पानं कलाकाराच्या हवाली. 1969च्या डिसेंबरात रॉबर्ट बॅरी या कलाकारासाठी निघालेल्या बुलेटिनमध्ये एवढंच सांगितलं होतं की प्रदर्शनाच्या काळात गॅलरी बंद राहील. म्हणजे पाहायला दुसरं काहीच नव्हतं. तो कागद हेच प्रदर्शन. अशा कागदावरची टपालाची घडी इस्त्रीने मोडणं, तिकीट सोडवून घेणं किंवा पत्ता खोडणं म्हणजे त्याचा प्रवासच पुसणं.

अमेरिकी कलाकार फेलिक्स गोन्झालेझ-टोरेसचे कागदांचे ढीग हे दुसरं टोक. 1990च्या एका कामात, जे न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे, एका आठवड्यात अमेरिकेत बंदुकीने मेलेल्या 460 माणसांची नावं आणि छायाचित्रं मोठ्या कागदावर छापलेली आहेत. ढिगाची आदर्श उंची 9 इंच. कोणीही एक कागद न्यावा, संग्रहालय परत छापून ढीग भरतं. घरी आणलेला तो एक कागद कलाकृती म्हणून धरला जात नाही, पण कामाचा तुकडा मात्र असतो. नोंदीत ‘छापील चित्र’ असं न लिहिता ‘ढिगातून घेतलेला कागद’ असं लिहावं, आणि कुठल्या संग्रहालयात, कुठल्या दिवशी घेतला तेही. पुनर्छपाई होत असल्याने दोन ठिकाणच्या कागदांत शाई आणि कागद वेगळे निघू शकतात.

छपाई कोणत्या पद्धतीची आहे हे कळण्यासाठी जवाहिऱ्याची 10 पटीची लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, पुरते. ऑफसेटमध्ये, म्हणजे छापखान्यातल्या नेहमीच्या छपाईत, चार रंगांचे ठिपके फुलासारखे गोल मांडलेले दिसतात. लेझर किंवा झेरॉक्सचा टोनर कागदावर बसलेला असतो, आत मुरलेला नसतो. घडीवर तो तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. स्क्रीन प्रिंटची शाई जाड आणि सपाट लागते. रिसोत, म्हणजे स्टेन्सिलने एकेक रंग छापणाऱ्या यंत्राच्या छपाईत, दोन रंग जरा सरकलेले असतात आणि बोट फिरवलं तर बोटाला रंग लागतो. रिसोची शाई कागदात शोषली जाते, पण पुरती वाळत नाही. म्हणून दोन रिसो पत्रकांमध्ये कोरा कागद हवाच.

यापुढचा भाग पावसाळ्याचा. मुंबई, कोकण आणि गोव्यात संग्रह टिकेल की नाही ते जून ते सप्टेंबर ठरवतं.

चकचकीत आर्ट पेपरला दोन्ही बाजूंनी चिनी मातीचा किंवा चुनखडीचा लेप असतो आणि तो लेप धरून ठेवायला चिकटद्रव्य असतं. कागद भिजला की ते मऊ होतं. ओले कागद एकमेकांवर वाळले की त्यांची वीट होते. ओढून सोडवायला गेलं की चित्र एका पानावरून निघून दुसऱ्या पानावर येतं. ते परत लावता येत नाही. कॅटलॉग भिजला तर म्हणूनच ‘आधी वाळू दे, मग बघू’ हे चालत नाही. ओला असतानाच पानं सोडवायची आणि प्रत्येक दोन पानांत न चिकटणारं काहीतरी घालायचं. शिवणकामाच्या दुकानातलं पांढरं नॉन-वोव्हन कापड यासाठी चांगलं, फक्त एका बाजूला गोंदाचे ठिपके असलेलं फ्युजिंग नको. मग पंख्याखाली सपाट ठेवायचं, उन्हात नाही. तेवढा वेळ नसेल तर ओला कॅटलॉग प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठलेला असेतो तो चिकटत नाही, आणि सवडीने काढता येतो. झेरॉक्सचा साधा कागद यापेक्षा सोशिक असतो. सुरकुततो, पण अक्षर जात नाही.

रोजच्या दमटपणासाठी आधी आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र कपाटात ठेवा. 45 ते 55 टक्के चांगलं. 65च्या वर दिवसेंदिवस राहिलं की बुरशी धरते. पावसाळ्यात मुंबईची हवा 80च्या वर असते, म्हणून उघड्या कपाटात काहीच साधत नाही. रबराची कड असलेला, पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचा हवाबंद डबा घ्या. त्यात सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) किती घालायचं याचा संग्रहालयांतला जुना ठोकताळा एक घनमीटरला 20 किलो असा आहे. 40 बाय 30 बाय 10 सेंटिमीटरचा डबा 12 लिटरचा, म्हणजे त्याला 240 ग्रॅम. पुठ्ठ्याच्या खोक्यात सिलिका घालणं व्यर्थ. दोन दिवसांत ती सगळ्या खोलीची हवा पिऊन बसते. रंग बदलला की जेल ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येते. निळी घेऊ नका, तिच्यात विषारी कोबाल्ट असतं. नारिंगी घ्या.

इथे मोठी चूक होते ती डबा भरण्याच्या वेळेची. जुलैत आणलेला कागद जुलैतच हवाबंद केला तर त्याच्यातला दमटपणाही आत बंद होतो. डबा दिवाळीनंतर, कोरड्या हवेत भरावा. पावसाळ्यात आलेले कागद एसी लावलेल्या खोलीत दोन-तीन दिवस सुटे ठेवून मगच आत घालावेत. डबा बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, हाताच्या चार बोटांएवढी फट सोडा. माळ्यावर तर नकोच. तिथे उन्हाळ्यात भट्टी आणि पावसात गळती.

कसर ही पुढची अडचण. ती लेप आणि खळ खाते, त्यामुळे कागदाला भोक पडायच्या आधी पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा दिसतो. डांबरगोळ्या टाकू नका. त्यांची वाफ प्लास्टिक मऊ करते आणि बुरशीचं काही बिघडवत नाही. पोथ्यांच्या रुमालात वेखंड ठेवायची आपली रीत चांगली आहे. पुरचुंडी कापडात बांधून, कागदाला न टेकवता ठेवा. किडा दूर राहतो, दमटपणा मात्र तिने जात नाही. किडा लागलेला गठ्ठा मिळाला तर पिशवीत घट्ट बंद करून फ्रीजरमध्ये उणे 18-20 अंशांवर दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी उघडू नका. लगेच उघडली तर थंड कागदावर पाणी जमतं.

आवरणाचं प्लास्टिक हुंगून बघा. मऊ, तेलकट, नव्या रेनकोटसारखा वास येणारं असेल तर ते पीव्हीसी. ते टोनरची अक्षरं स्वतःकडे ओढून घेतं. खात्री करायची तर तांब्याची तार लाल तापवून प्लास्टिकच्या कातरणीला लावा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर प्लास्टिकमध्ये क्लोरिन आहे. हे गच्चीत, मोकळ्या हवेत करायचं, धूर नाकात जाऊ द्यायचा नाही. पॉलिप्रोपिलीनचे पारदर्शक फोल्डर स्वस्त आणि निर्धोक असतात. पॉलिएस्टरची पिशवी त्याहून चांगली, पण महाग. मोठ्या संग्रहाला ती परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. लॅमिनेशन केलेला कागद मात्र कायमचा गेला. गरम गोंद कागदाच्या धाग्यांत शिरतो, परत निघत नाही.

घडीपत्रकाच्या कण्यात मारलेल्या दोन पिना दमट हवेत तीन-चार पावसाळ्यांत तपकिरी डाग सोडतात. सोडवताना पुढून उचकटू नका. मधलं पान उघडा, पिनेचे दुमडलेले पाय पातळ बोथट सुरीने सरळ करा आणि मग बाहेरच्या बाजूने हळूच काढा. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून आत सैल गाठ मारा. भोकं वाढवायची नाहीत.

पोस्टर सपाट राहिलं तर उत्तम. गुंडाळायचंच असेल तर निदान 10 सेंटिमीटर व्यासाच्या नळीच्या बाहेरून गुंडाळा, आत कोंबू नका. आतून काढताना कडा फाटतात. उजेडात लावलं तर पिवळा आणि गुलाबी रंग आधी उडतो आणि चित्र निळसर पडतं. भिंतीवर हवं असेल तर स्कॅन छापून लावा.

उष्णतेने छापलेली तिकिटं आणि पावत्या आल्या आल्या त्याच दिवशी स्कॅन करा आणि त्यांची एक झेरॉक्सही काढा. या कागदावर शाई नसते, उष्णतेने काळं होणारा लेप असतो. काही वर्षांत तो कोरा पडतो, आणि हाताला सॅनिटायझर असेल तर छपाई तिथल्या तिथे बिघडते. बाकीच्या कागदांचं स्कॅन 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके), टिफ या फाइल-प्रकारात, दोन्ही बाजू आणि कोऱ्या कडांसकट. ऑफसेटच्या ठिपक्यांमुळे पडद्यावर जाळी उमटते म्हणून स्कॅनरमधला डीस्क्रीन चालू करायचा मोह होतो. मूळ फाइलवर तो लावू नका, कारण तो ठिपकेच पुसतो, आणि छपाईची ओळख त्या ठिपक्यांतच आहे. फाइलचं नाव आकड्यांनी सुरू करा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने: 20190112, मग गाव, जागा, प्रकार. स्कॅन इंटरनेटवर टाकण्याआधी हे ध्यानात ठेवा की पत्रिकेवरच्या चित्राचा हक्क भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो.

मांडणी विषयवार करू नका. डब्यात आल्याच्या क्रमाने, 2024/001, 2024/002 असे क्रमांक देऊन ठेवा. कलाकार, जागा आणि तारीख यांनी शोधायला संगणकावरचा तक्ता आहे. फक्त एका प्रदर्शनाचे सगळे कागद एकाच घडीत: पत्रिका, पाकीट, यादी, तिकीट. एकेकटा कागद फार कमी बोलतो. हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने कलासमीक्षक गीता कपूर आणि चित्रकार विवान सुंदरम यांच्या घरच्या कागदपत्रांचं डिजिटायझेशन केलं, तेव्हा पत्रिका, पत्रं, छायाचित्रं आणि कॅटलॉग एकत्र राहिले म्हणूनच त्यांतून भारतीय कलेच्या काही दशकांचा माग काढता आला.

तक्त्याची एक छापील प्रत डब्यातच ठेवा, संगणक बिघडतो. आणि झाकणावर जाड अक्षरात दोन ओळी लिहा: आत काय आहे, आणि घरात कोणाला नको झालं तर ते कुठल्या ग्रंथालयाला किंवा कला महाविद्यालयाला द्यायचं. खाली लिहा, ‘ही रद्दी नाही’.